आजीचं मीठ आणि चार हजार अक्षरं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणपती तीन दिवसांवर आलेले असताना, ऐरोलीहून एका आईचा फोन आला. ‘ताई, मुलीचं मेडिकलचं स्टेटमेंट तयार आहे. तुम्ही फक्त एकदा नजरेखालून घाला.’ सगळं तयार असताना फोन करणाऱ्या आईच्या आवाजातली धाकधूक मला आता ओळखू येते. त्या प्रकरणाची ही नोंद. मुलीची, तिच्या आईवडिलांची आणि सगळ्यात आधी तिच्या आजीची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही.

मी ठाण्यात घंटाळीजवळ राहते. बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून परदेशी वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना पर्सनल स्टेटमेंटसाठी, म्हणजे हाच विषय का हे स्वतःच्या शब्दांत सांगणाऱ्या लेखी निवेदनासाठी, मदत करते. वर्षाला पाच-सहा मुलं, त्याहून जास्त घेत नाही.

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा. ७२० पैकी किती, एवढाच प्रश्न असतो. ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’ हे आपल्या मुलांना घरी आलेले पाहुणे सोडले तर कुणीच विचारत नाही, आणि पाहुण्यांनाही उत्तर नको असतं. ब्रिटनमध्ये मात्र बारावीतून थेट वैद्यकीय प्रवेश घेताना हा प्रश्न लेखी विचारला जातो. सगळे अर्ज यूकास या एकाच यंत्रणेतून जातात. पाच पर्यायांपैकी जास्तीत जास्त चार वैद्यकीयचे भरता येतात. मुदत १५ ऑक्टोबर, तिथल्या संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. यूकॅट ही वेगळी परीक्षा जुलै ते सप्टेंबरमध्ये द्यायची असते. आणि स्टेटमेंट: मोकळ्या जागा, स्वल्पविराम सगळं धरून ४,००० अक्षरं. इंग्रजीत हे साधारण सहाशे ते साडेसहाशे शब्द होतात.

२०२६ च्या प्रवेशापासून त्याचं रूप बदललं. पूर्वी सलग एक निबंध असे, आता तीन प्रश्न आहेत. हाच विषय का, अभ्यासातून त्याची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलं व ते का उपयोगी. प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं, तिन्ही मिळून चार हजारांच्या आत.

ही मुलगी नवी मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत ए-लेव्हल, म्हणजे ब्रिटिश पद्धतीची अकरावी-बारावी, करत होती. विषय जीवशास्त्र, रसायन, गणित. वडील ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत इंजिनिअर, आई वाशीला बँकेत. आईची आई नौपाड्यात एकटी राहते, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. आई-वडिलांनी एका सल्लागार संस्थेला भरपूर पैसे मोजून स्टेटमेंट ‘करून’ घेतलं होतं.

आलेला मसुदा

इंग्रजी उत्तम होतं, हे आधी सांगायला हवं. एकही चूक नव्हती. पहिलं वाक्य असं: लहानपणापासून मानवी शरीर कसं काम करतं याचं मला विलक्षण आकर्षण आहे. पुढे नेतृत्वगुण, संघभावना, चिकाटी. डायलिसिसबद्दल एकच ओळ होती, ‘माझ्या आजीच्या प्रदीर्घ आजारातून मी सहानुभूतीचं मोल शिकले.’ मसुदा मुळात सलग निबंध म्हणूनच लिहिलेला होता आणि नंतर तीन ठिकाणी कापून तीन प्रश्नांखाली चिकटवला होता. त्यामुळे दुसऱ्या उत्तराची सुरुवात ‘शिवाय’नं होत होती.

मी तिला २००७ सालची एक गोष्ट सांगितली. त्या वर्षी यूकासनं सुमारे ५०,००० अर्ज संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिले. २३४ जणांनी लिहिलं होतं की आठव्या वाढदिवसाला रसायनांचा खेळ खेळताना पायजम्याला भोकं पडली आणि तेव्हापासून विज्ञानाची ओढ लागली. ३७० जणांची वाक्यं मानवी शरीराच्या आकर्षणापासून, जवळपास त्याच शब्दांत, सुरू होत होती. आणि १७५ अर्जांमध्ये एक वृद्ध किंवा आजारी आजोबा होते.

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे आजीबद्दल लिहायचंच नाही का?’

या प्रकरणाचा गाभा या प्रश्नात आहे, म्हणून त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं नाही. आजी आजारी आहे ही गोष्ट शेकडो मुलांची असते. शनिवारी सकाळी साडेसहाला त्या एका खोलीत काय होतं, ते मात्र त्या मुलीलाच माहीत असतं. तिनं ते लिहिलेलं नव्हतं, कारण तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

यूकास आजही प्रत्येक स्टेटमेंट जुन्या-नव्या स्टेटमेंटांशी ताडून बघतं आणि साम्य सापडलं तर ते विद्यापीठांना कळवलं जातं. अर्ज करताना मुलांना लेखी कबूल करावं लागतं की हे माझं स्वतःचं आहे, दुसरीकडून किंवा एआयकडून घेतलेलं नाही. तो विकतचा मसुदा या कबुलीखाली ठेवायचा की नाही, हे तिच्या वडिलांनी ठरवण्याचं नव्हतं, माझंही नव्हतं. सही तिची होणार होती. मी तिला हे एवढ्याच शब्दांत सांगितलं आणि मसुदा पाकिटात घालून परत दिला. पुढच्या शनिवारी ती नवी वही घेऊन आली.

पहिली बैठक: मराठीत

‘शनिवारी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत काय काय होतं ते सांग,’ मी म्हटलं. तिनं इंग्रजीत सुरुवात केली आणि दोन मिनिटांत पुन्हा सहानुभूतीपाशी येऊन थांबली. मी म्हटलं, मराठीत सांग. शाळेत हिची मराठी पाचवीनंतर सुटलेली, पण आजीशी ती मराठीतच बोलते. आजीच्या खोलीतली प्रत्येक गोष्ट तिच्या डोक्यात मराठीत साठवलेली होती.

मग ती पाऊण तास बोलत होती. ऐरोलीहून पहिल्या लोकलनं ठाणे. नौपाड्यात आजीला उठवायचं, रिक्षा करायची. ठाण्यातल्या एका धर्मादाय केंद्रात पोचल्यावर सगळ्यात आधी वजन. मागच्या वेळेपासून वजन जितकं वाढलं, तितकं पाणी अंगात साठलं, आणि तेवढं मशीननं काढायचं. म्हणून काटा बघताना आजी चप्पल तर काढतेच, पण हातातली पिशवीसुद्धा हिच्याकडे देते, जणू पिशवीनं पाणी वाढेल. मनगटाजवळ फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रिया करून जोडलेली धमनी आणि शीर. त्यावर बोट ठेवलं की रक्ताची थरथर जाणवते. आजी तिला ‘माझा भुंगा’ म्हणते. रोज सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी भुंगा चालू आहे का ते बघते. त्या हातावर कुणाला रक्तदाब मोजू देत नाही. एकदा एका नवीन मुलीनं पट्टा गुंडाळायला घेतला तर आजी ओरडलीच होती. मग चार तास. शेजारच्या खाटेवर एक काका बर्फाचे खडे चघळतात, कारण तहान लागते आणि पाणी मोजून प्यायचं असतं.

मी कागदावर फक्त शब्द टिपत होते. काटा, पिशवी, भुंगा, बर्फ. शेवटी तो कागद तिला दिला. विकतच्या मसुद्यात यातलं काहीच नव्हतं.

इथे एक सांगते, कारण पालक मला वारंवार विचारतात. स्टेटमेंट इंग्रजीत लिहायचं असतं म्हणून विचारही इंग्रजीत करावा लागतो असं नाही. आपल्या मुलांचं इंग्रजी चांगलं असतं, पण ते शाळेचं असतं. त्यात ‘मला घाम फुटला’ पटकन येत नाही, ‘मी आव्हानांना सामोरी गेले’ येतं. आधी मराठीत सगळं बाहेर येऊ द्यावं, इंग्रजी नंतर.

जे लिहिलं नव्हतं

दुसऱ्या बैठकीत मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्या सगळ्यात तुझं काय चुकलं?

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘हे लिहायचं नाहीये. पण सांगते.’

आजीला डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आजीला अळणी जेवण जात नव्हतं, ताट तसंच राहायचं. त्या दिवसांत हिनं सोडियम आणि रक्तदाबाबद्दल वाचलं होतं. दुकानात ‘लो सोडियम’ लिहिलेला मिठाचा पुडा दिसला आणि तिनं तो आजीकडे आणून दिला. आजी खूश झाली, दोन आठवडे पोटभर जेवली. नंतरच्या रक्ततपासणीत पोटॅशियम वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, केळी खाता का, शहाळं पिता का? नाही. टोमॅटोचं सार, नाही. सगळे बुचकळ्यात. शेवटी तिथल्या तंत्रज्ञानं विचारलं, ‘मीठ कुठलं वापरता?’

अशा मिठात सोडियम कमी केलेलं असतं आणि त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते चालून जातं. पण मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर जात नाही, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. मी हे वर्गात शिकवलेलं आहे, तरी तिच्या तोंडून ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. सुदैवानं वेळेवर कळलं. पुडा फेकून दिला, पुढच्या तपासणीत आकडा खाली आला.

‘पुड्याच्या मागे लिहिलेलं होतं मॅडम. मी ए-लेव्हलला रसायन घेतलंय. मी पुडा उलटा केलाच नाही.’ थोड्या वेळानं ती म्हणाली, ‘आजीनं डॉक्टरांना सांगितलं, मीच मागवलं होतं म्हणून.’

त्या दिवशी लिखाणाचं काही बोलायचं नाही, असं मी ठरवलं. चहा केला. जाताना तिनंच विचारलं, ‘त्यानंतर मी तो तक्ता केला होता, तो तुम्हाला दाखवू का?’

कुठला तक्ता? याबद्दल तर मसुद्यात अवाक्षर नव्हतं.

मिठाच्या प्रकारानंतर तिच्या लक्षात आलं होतं की केंद्रात मिळणारा आहाराचा कागद इंग्रजीत आहे आणि तिथली निम्मी माणसं तो घडी घालून पिशवीत ठेवतात. तिनं आहारतज्ज्ञ बाईंना विचारून मराठीत एक कागद केला. पहिल्या प्रतीत लिहिलं होतं, ‘पोटॅशियम असलेले पदार्थ टाळा.’ एका मावशींनी तो वाचून विचारलं, ‘ते कुठल्या दुकानात मिळतं?’ मग दुसरी प्रत. त्यात स्वयंपाकघरातल्या वस्तूंचीच नावं होती. शहाळं, केळं, टोमॅटोचं सार, लो सोडियमचं मीठ. पालेभाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. आजारी माणसाकडे जाताना आपण हमखास शहाळं नेतो, म्हणून ते तिनं सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी दोन दुरुस्त्या केल्या. तिसऱ्या प्रतीत तिनं चित्रं काढली, कारण बर्फ चघळणाऱ्या काकांना वाचता येत नव्हतं आणि ते कुणाला तसं सांगत नव्हते.

विद्यार्थी संसदेचं प्रमाणपत्र मसुद्यात होतं. हा तक्ता नव्हता. संस्थेनं तिला ‘पुरस्कार, पदं, शिबिरं’ असे रकाने भरायला दिले होते, आणि तक्ता कुठल्या रकान्यात बसवायचा ते तिला कळलं नव्हतं.

वडिलांचा आक्षेप

पुढच्या खेपेला वडील स्वतः आले. माणूस समंजस. त्यांचा मुद्दा सरळ होता. ‘मॅडम, डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी आजीला चुकीचं मीठ देते, हे वाचून तिला प्रवेश कोण देईल? आपणच आपल्या हातानं का लिहून द्यायचं?’

हा आक्षेप मी हलका मानत नाही. चुकीची कबुली हाही आता एक साचा झालेला आहे. ‘माझी सगळ्यात मोठी कमजोरी म्हणजे मी फार मेहनत करते’ या जातीच्या कबुल्या मी खूप वाचल्या आहेत. आणि खरी चूकसुद्धा रडवेली करून लिहिली तर वाचणाऱ्याला ती नकोशी होते. म्हणून त्यांना ‘लिहाच’ असं मी म्हटलं नाही. एवढंच सांगितलं की ब्रिटनमध्ये उपचारात काही चुकलं तर रुग्णाला ते उघडपणे सांगणं ही डॉक्टरची जबाबदारी धरली जाते. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांवर २०१४ पासून ती कायद्यानंच आहे. तिथली जनरल मेडिकल कौन्सिल डॉक्टरांसाठी जी आचारसंहिता काढते, तिची नवी आवृत्ती जानेवारी २०२४ पासून लागू आहे आणि ती कुणालाही वाचायला मोकळी आहे. मुलीनं ती वाचावी आणि मग स्वतः ठरवावं.

तिनं वाचली. दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, ‘आजीनं माझ्यासाठी खोटं सांगितलं ते मी अजून दुरुस्त केलेलं नाहीये.’ त्या शनिवारी तिनं केंद्रातल्या डॉक्टरांना सांगितलं की मीठ मी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, मला तेव्हाच वाटलं होतं. या घटनेनंतर वडिलांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

माझी चूक

मी एक नियम पाळते. मुलांच्या मसुद्यात मी वाक्य लिहीत नाही. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिते. ‘कधी?’ ‘तुला कसं कळलं?’ ‘हे तू पाहिलंस की वाचलंस?’ व्याकरण चुकलं तर खाली रेघ मारते, दुरुस्ती त्यांची त्यांनी करायची.

या वेळी मी तो मोडला. सप्टेंबरच्या मध्याला तिचा तिसरा मसुदा आला. तक्त्याचा परिच्छेद छान झाला होता, पण शेवट लंगडत होता. मी सहज बोलून गेले, सूचना देणं आणि ती समजणं यांच्यामधल्या फटीत वैद्यकी असते, असं काहीसं. तिचे डोळे चमकले, तिनं लगेच इंग्रजीत लिहून घेतलं. मलाही वाक्य आवडलं होतं, म्हणून मी अडवलं नाही.

दहा दिवसांनी सराव मुलाखत घेतली. बऱ्याच महाविद्यालयांत आता छोट्या छोट्या टप्प्यांची मुलाखत असते, एकेका टप्प्याला काही मिनिटं आणि प्रत्येक वेळी नवा परीक्षक. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून पसरली. काही ठिकाणी मात्र स्टेटमेंट समोर ठेवून प्रश्न विचारतात. मी तिला त्याच वाक्यावर बोट ठेवून विचारलं, ‘म्हणजे काय?’ ती अडखळली. भुंग्यावर ती दहा मिनिटं बोलली असती, मिठावर अर्धा तास. या वाक्यावर तिच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी हळूच म्हणाली, ‘मॅडम, हे तुम्ही म्हणाला होतात.’

वाक्य त्याच मिनिटाला खोडलं. संस्थेनं तिच्या तोंडी शब्द घातले म्हणून मला राग आला होता. माझं वाक्य जास्त देखणं होतं एवढाच फरक, होतं ते तसंच घातलेलं. चांगल्या हेतूनं, पुडा उलटा न करता. तेव्हापासून मी दर मसुद्यानंतर मुलांना एक काम देते. जे वाक्य स्वतःचं वाटत नाही त्यावर फुली मारायची, ते माझ्याकडून आलेलं असलं तरी.

तीन उत्तरं

पहिल्या उत्तराची सुरुवात आता अशी होती (मूळ इंग्रजीचं मराठी करून सांगते): रोज सकाळी माझी आजी मनगटावर बोटं ठेवून तिचा भुंगा चालू आहे का ते बघते. या थरथरीला वैद्यकात वेगळा शब्द आहे आणि तिला तो घालायचा होता, कारण तो ‘डॉक्टरी’ वाटतो. तुला आधी कुठला शब्द कळला, एवढंच मी विचारलं. तिनं आजीचा शब्द आधी ठेवला आणि डॉक्टरांचा नंतर. ‘मी दोन्ही भाषा शिकते आहे हे त्यातून दिसेल,’ असं तिचं म्हणणं.

दुसऱ्या उत्तरात आम्हा दोघींनाही अनपेक्षित लाभ झाला. अभ्यासातून तयारी कशी झाली, यावर तिनं विषयांची यादी आणि गुण लिहिले होते. मी विचारलं, प्रयोगशाळेत काय केलंस? व्हिस्किंग नळीचा प्रयोग, ती म्हणाली. अर्धपार्य पडद्याच्या नळीत स्टार्च आणि ग्लुकोज भरून पाण्यात ठेवायचं. ग्लुकोजचे लहान रेणू बाहेर येतात, स्टार्चचे मोठे आतच राहतात. मी फक्त तिच्याकडे बघत बसले. तिच्या ध्यानात यायला पाच-सहा सेकंद लागले. ‘अरे देवा, ही तर आजीची मशीन आहे!’

दर शनिवारी ती त्या मशीनशेजारी बसत होती आणि दर बुधवारी प्रयोगशाळेत जात होती. मध्ये ठाणे-वाशी रेल्वेलाइन होती, बाकी काही जोडलेलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून शोधून काढलं की मशीनमध्ये तशाच पडद्याच्या एका बाजूनं रक्त आणि दुसऱ्या बाजूनं ते साफ करणारा द्राव उलट्या दिशांनी का वाहवतात. दोन्हींत विरघळलेल्या पदार्थांच्या प्रमाणातला फरक पडद्याच्या संपूर्ण लांबीभर टिकून राहावा म्हणून. आणि एक हिशेब मांडला. आठवड्याचे तास १६८. मशीन त्यातले १२ तास चालते. निरोगी मूत्रपिंड सगळे १६८ तास. मग उरलेले १५६ तास स्वयंपाकघरात सांभाळावे लागतात, म्हणून मीठ आणि शहाळं एवढं महत्त्वाचं. हा विचार पूर्ण तिचा होता. असं उत्तर मी सुचवू शकले नसते, कारण मला ते सुचलंच नव्हतं.

तिसऱ्यात मीठ आणि तक्ता. मिठाला तिनं जेमतेम चार वाक्यं दिली. काय केलं, काय झालं, कुणी पकडलं, नंतर कुणाला सांगितलं. एकही विशेषण नाही. एका जागी बर्फवाल्या काकांचं गाव आणि त्यांचा धंदा लिहिला होता, तो काढायला लावला. दुसऱ्याची माहिती वापरताना तो ओळखू येणार नाही हे बघणं, हे डॉक्टर होण्याआधीपासून जमायला हवं.

सगळं मिळून ६,००० च्या वर गेलं होतं. काटछाटीत विद्यार्थी संसद गेली, दोन शिबिरं गेली. भरतनाट्यमवर मात्र आई अडून बसली. ‘आठ वर्षं केलंय, ताई. पहाटे उठून मी क्लासला सोडलंय.’ माझ्या मते त्या ओळीनं उत्तराला काही दिलं नाही. पण मुलीनं ती ठेवली, आईसाठी ठेवते आहे असं सांगून ठेवली. शेवटचा आकडा ३,९६२.

आजीला तिनं सगळं मराठीत वाचून दाखवलं. मिठाशी आल्यावर आजी म्हणाली, ‘हेही लिहिलंस होय?’ आणि थोडं थांबून, ‘माझं नाव नाही ना घातलंस?’ नाही म्हटल्यावर, ‘बरं. मग असू दे.’

पुढे काय झालं

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात अर्ज गेला. चार महाविद्यालयांपैकी दोघांनी मुलाखतीला बोलावलंच नाही. त्यातलं एक तर उघडच सांगतं की ते निवडीत स्टेटमेंटला गुण देत नाहीत, यूकॅट आणि शाळेचे गुण बघतात. म्हणजे तिथे आमची सहा आठवड्यांची मेहनत कुणी वाचलीही नसेल. पालकांनी हे आधी लक्षात घ्यावं. कुठे स्टेटमेंट तोलतात आणि कुठे नाही, ते प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेश-माहितीत लिहिलेलं असतं आणि पैसे मोजण्याआधी ते वाचायला हवं. शिवाय परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागा थोड्याच असतात. भारतात परत येऊन व्यवसाय करायचा असेल तर नीटमध्ये पात्र व्हावं लागतंच, म्हणून ती त्याचीही तयारी करते आहे.

दोन मुलाखती ऑनलाइन झाल्या. एका ठिकाणी छोटे टप्पे होते, तिथे नकार आला. दुसऱ्या ठिकाणी परीक्षकांपुढे स्टेटमेंट होतं. एका परीक्षक बाईंनी विचारलं, ‘समजा धोका नीट समजावून सांगितल्यावरही आजी म्हणाली, मला तेच मीठ हवं, तर?’

याची तयारी आम्ही केलेली नव्हती. तिनं मला नंतर सांगितलं की ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, आधी मी तिला विचारेन की जेवणातलं नक्की काय हरवलंय. कारण खरंच तसं विचारल्यावर कळलं होतं की आजीला खारटपणापेक्षा चव हवी होती, आणि आहारतज्ज्ञांना विचारून लिंबाचे चार थेंब आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड यावर बरंचसं भागलं. तरीही तिनं तेच मीठ मागितलं, तर निर्णय तिचा आहे. पण मी ते तिच्यासाठी विकत आणणार नाही, आणि डॉक्टरांपासून लपवणारही नाही.

त्या महाविद्यालयानं सशर्त प्रवेश दिला आहे. ए-लेव्हलला अपेक्षित श्रेणी मिळायला हवी. परीक्षा अजून व्हायची आहे आणि फीसाठी वडील बँकेत खेपा घालताहेत. परवा त्यांचा फोन आला होता तो कर्जाच्या कागदांबद्दल, स्टेटमेंटबद्दल नाही.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या बाईंना सोबत म्हणून मी त्या केंद्रात गेले होते. काट्याच्या वरच्या भिंतीवर तक्ता लावलेला आहे, प्लास्टिकच्या आवरणात, चौथी प्रत असावी. सगळ्यात वर शहाळ्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली. यादीच्या खाली आवरणावरच कुणीतरी बॉलपेननं, जाड वळणदार अक्षरात, ‘सुरणही’ असं लिहिलं आहे.